वादळाला एवढं बळ येतं कुठून? (वळीव, गारपीट, चक्रीवादळ)

खडूफळा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात आठवी-नववीला विज्ञान शिकवते. परवाच्या वळवात शाळेशेजारच्या गोठ्याचे पत्रे उडाले. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, वारा म्हणजे नुसती हवाच ना? मग तिच्यात एवढं बळ कुठून आलं?"

पुस्तकात 'हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते' एवढं दिलंय. पण तो कमी दाब मुळात तयार कशानं होतो? एखाद्या दिवशी नुसती झुळूक आणि एखाद्या दिवशी झाडं उन्मळून पडतात, असं का? हे पुस्तकात नाही. त्यावरून वर्गात आणखी दोन प्रश्न निघाले, तेही इथंच विचारते. गारा भर उन्हाळ्यात पडतात, मग जुलैच्या गारठ्यात का पडत नाहीत? आणि अरबी समुद्रातली चक्रीवादळं मे-जूनमध्ये नाहीतर दिवाळीच्या आगेमागेच का येतात, ऐन पावसाळ्यात का नाही?

जाणकारांनी लिहावं. अनुभवही चालतील, मुलांना वाचून दाखवीन.

चहाटळ

पहिला नंबर माझा. उत्तर येत नाही, पण खुर्ची टाकून बसलोय.

वातकुक्कुट

बाई, तुमच्या विद्यार्थिनीनं अगदी मुळाला हात घातलाय. तिला सांगा, ते बळ पाण्याच्या वाफेतलं आहे.

माठातलं पाणी गार का होतं हे मुलांना ठाऊक असतं. माठाच्या अंगावरचं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं. ती उष्णता नाहीशी होत नाही, वाफेत दडून राहते. तुमच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा तो हाच. वाफेचं पुन्हा पाणी झालं की तो सगळा मोकळा होतो. समुद्रावर, तळ्यांवर, ओल्या रानांवर ऊन दिवसभर पाण्याची वाफ करत असतं. तिथं गेलेली उष्णता ढगात परत मिळते.

किती? एक किलो वाफेचं पाणी झालं की साधारण २५ लाख जूल. आता एक चौरस किलोमीटरच्या गावावर एक सेंटिमीटर पाऊस पडला असं धरा. ते झालं एक कोटी लिटर पाणी. एवढं पाणी ढगात तयार होताना मोकळी झालेली उष्णता विजेच्या हिशेबात सुमारे ७० लाख युनिट भरते. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्या. एका गावावरच्या एका सरीचा हा हिशेब आहे!

यातली बहुतेक उष्णता वर चढताना गार होणाऱ्या हवेला ऊब देण्यातच जाते. वाऱ्याच्या वाट्याला अगदी थोडी येते, आणि तेवढ्यावर पत्रे उडतात.

आता हवा वर का चढते ते. कोरडी हवा वर नेली तर दर किलोमीटरला जवळपास १० अंश सेल्सिअसनं गार होते. पण ढगात पाणी तयार होऊ लागलं की मोकळी झालेली उष्णता तिला सावरते आणि ती ५-६ अंशांनीच गार होते. भोवतालची हवा याहून भराभर गार होत गेलेली असेल तर ढगातली हवा शेजारच्या हवेपेक्षा गरम राहते. गरम म्हणजे हलकी, म्हणून ती चढतच जाते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खाली समुद्रावरून आलेली दमट हवा, तापलेली जमीन आणि वर वायव्येकडून आलेली कोरडी, गार हवा अशी थरांची मांडणी जमली, की दुपारी दोनला चिमुकला दिसणारा ढग चारपर्यंत १२-१५ किलोमीटर उंच होतो. आणखी वर जिथं तापमान घटायचं थांबतं तिथं तो अडतो आणि आडवा पसरतो. लांबून दिसणारा ऐरणीच्या आकाराचा माथा तो हाच.

शंकासुर

हे हवा वर जाण्याचं झालं. पत्रे उडवणारा वारा आडवा असतो, आणि गार असतो. गरम हवा वर चढते तर गार वारा खाली कुठून आला?

वातकुक्कुट

शंकासुर, हा प्रश्न यायलाच हवा होता.

ढगात पाणी आणि बर्फ इतकं साठतं की वर चढणाऱ्या हवेला ते पेलवत नाही. पाऊस पडू लागतो आणि आपल्याबरोबर हवेलाही खाली ओढतो. खालची हवा कोरडी असली तर पडणाऱ्या थेंबांपैकी बरेच वाटेतच वाफ होतात. वाफ व्हायला उष्णता लागते, ती ते हवेकडूनच घेतात. त्यामुळे हवा एकदम गार आणि जड होते आणि खाली कोसळते. जमिनीवर आपटून चहूकडे पसरते तो तुमचा आडवा वारा. पावसाच्या आधी दहा मिनिटं जो गार झोत येतो, धुरळा उडतो, मातीचा वास येतो, तो इथून येतो.

म्हणजे वळवाच्या ढगात एक चढणारा झोत असतो आणि एक उतरणारा. बहुतेक वेळा उतरणारा झोत चढणाऱ्याच्या खालीच पसरतो आणि त्याची दमट हवा तोडतो. म्हणून साधा वळीव अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६-४७ मध्ये, अमेरिकेत विमानं मुद्दाम अशा ढगांत घालून ढगाच्या या तीन अवस्था नोंदल्या गेल्या: वाढ, भर आणि ओसर.

आकाशमोगरा

वरच्या प्रतिसादाला जोडून. उतरणारा झोत कधीकधी दोन-चार किलोमीटरच्या टापूत इतक्या जोरानं आपटतो की विमानांचा घात होतो. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कला उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान पडलं. तेत्सुया फुजिता या जपानी-अमेरिकी शास्त्रज्ञानं त्याचा अभ्यास करून या आपटत्या झोतांचा सिद्धांत मांडला. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही, तेव्हा त्यानं रडारच्या नोंदींतून ते दाखवून दिलं. आज मोठ्या विमानतळांवर असा झोत ओळखणारी यंत्रं असतात, ती त्या कामामुळे. टॉर्नेडोंची, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या फिरत्या सोंडांची, प्रतवारी ज्याच्या नावानं होते तो फुजिता हाच.

घाटकोपरचं १३ मे २०२४ चं होर्डिंग आठवा. त्या दिवशी मुंबईत धुळीचं वादळ आलं ते अशाच ढगापुढच्या वाऱ्याचं. होर्डिंग पडायची कारणं निराळी आणि ती माणसाची आहेत, पण वारा ढगातून उतरलेला होता.

काळी_कसदार

जालन्याकडचा शेतकरी आहे. गारांचं मी सांगतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाडा-विदर्भात कोणी विसरणार नाही. गहू-हरभरा काढणीला आलेला, आंब्याला मोहर, मोसंबीच्या बागा उभ्या. एकदा पडून थांबली नाही, आज या शिवारात, उद्या त्या शिवारात. रानात पांढरं झालं होतं. जनावरं दगावली, पाखरं तर झाडाखाली सडा पडल्यावाणी. त्यानंतर आमच्याकडं फेब्रुवारीत आभाळ आलं की घरातले बोलायचे थांबतात.

मला येवढंच समजून घ्यायचंय की आमच्या शेतात पडतात अन् बांधापलीकडं पडत नाहीत, हे कसं? अन् अंदाज सांगणारे जिल्ह्याचं नाव घेऊन मोकळे होतात.

मुक्ताई

काळी_कसदार, वाचून वाईट वाटलं. हाती आलेलं पीक दहा मिनिटांत जाणं यासारखं दुःख नाही.

वातकुक्कुट

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर गारेच्या जन्मात आहे.

ढगात शून्य अंशाखालीही पाण्याचे थेंब लगेच गोठत नाहीत. उणे १०, उणे २० वरही ते द्रवरूपच असू शकतात. साधारण उणे ३८-४० च्या खाली मात्र गोठतातच. असा अतिशीत थेंब बर्फाच्या कणाला भिडला की तिथंच चिकटून गोठतो. चढता झोत जोरदार असेल तर तो त्या कणाला बराच वेळ वर तोलून धरतो आणि कण वाढत जातो. लिंबाएवढी गार व्हायची तर ताशी ८०-१०० किलोमीटरचा वारा खालून वर वाहायला हवा. एवढा जोर ढगाच्या एका छोट्या भागातच असतो आणि ढग पुढं सरकत असतो. म्हणून गारांचा पट्टा लांब पण अरुंद पडतो, अन् बांधाच्या अल्याड-पल्याड फरक होतो.

आता जिल्ह्याचं नाव. आज दोन दिवस आधी एवढंच सांगता येतं की थरांची मांडणी गारांना पोषक आहे. ती मांडणी शेकडो किलोमीटरवर सारखी असते, ढग मात्र दहा किलोमीटरचा. तो नेमका कुठं फुटेल हे तो तयार झाल्यावर रडारवरच दिसतं, म्हणून हवामान विभाग तीन-तीन तासांचे तात्कालिक इशारे देतो. दोन दिवस आधीचा इशारा काढणी उरकायला आणि झाकायला वापरा, तीन तासांचा इशारा माणसं-जनावरं आत घ्यायला.

जुलैत गारा का नाहीत? एक, पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी आणखी वर सरकते, त्यामुळे गारेला जास्त उबदार हवेतून पडावं लागतं आणि ती वाटेत वितळते. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, मोसमी पावसात हवा खालपासून वरपर्यंत दमट असते, वरचा कोरडा गार थर नसतो. झोत संथ चढतो. पाऊस भरपूर, पण गारेला तोलून धरील असा जोर नाही. कोकणात जुलैत धो धो पाऊस पडतो तेव्हाही विजा फार कडाडत नाहीत, त्याचंही कारण हेच. वीज तयार व्हायला ढगात बर्फाचे हलके कण आणि जड मऊ गारा एकमेकांवर आपटाव्या लागतात, आणि त्याला जोरकस झोत हवा.

चहाटळ

आजोळी आजी सांगायची, मृगाआधी गडगडतं आणि नंतर नुसतं गळतं. आजीला पदवी द्या.

पोफळीवाला

श्रीवर्धनचा आहे. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आमच्या दारातनं गेलं, त्याबद्दल लिहितो, बाईंनी मुलांना वाचून दाखवावं.

सकाळपासून पाऊस होता, वारा वाढत गेला. दुपारी असा आवाज की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. नारळ जमिनीपर्यंत वाकत होते, पोफळी मधनंच मोडत होत्या, कौलं पानांसारखी जात होती. आणि मग वारा पडला. उजेड आला. आळीतले दोघे-तिघे बाहेर आले, पडवीचे पत्रे गोळा करायला लागले. आमच्या आबांनी आरडाओरडा करून त्यांना आत बोलावलं. थोड्या वेळानं वारा आला तो उलट्या अंगानं. पहिल्या वाऱ्यानं जे खिळखिळं केलं होतं ते दुसऱ्यानं आडवं केलं.

वीज यायला कितीतरी आठवडे गेले, त्यात टाळेबंदी. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे वाडीचं उत्पन्न एका दुपारीत सहा-सात वर्षांसाठी गेलं. मुंबईचे फोन यायचे, "आमच्याकडे विशेष काही झालं नाही हो."

दर्यावर्दी

पोफळीवाले, तुमच्या आबांनी माणसं वाचवली. वारा पडला तेव्हा वादळाचा डोळा तुमच्यावर होता.

आम्हाला जहाजावर पहिल्यांदा शिकवतात ते हे. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला. बॉइस-बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञानं १८५७ मध्ये मांडलेला हा नियम आजही चालतो. केंद्र डोक्यावरून गेलं की वाऱ्याची दिशा उलटणारच, कारण आता तुम्ही वर्तुळाच्या पलीकडच्या अंगाला असता. म्हणून डोळ्यात बाहेर पडायचं नाही.

आणि मुंबईला विशेष काही झालं नाही ते का? वादळ ज्या दिशेनं चाललंय तिकडं तोंड केलं तर उजवी बाजू जास्त घातक. तिथं फिरण्याचा वेग आणि पुढं सरकण्याचा वेग एकमेकांत मिळतात, डावीकडे एकमेकांतून वजा होतात. निसर्ग ईशान्येला चाललं होतं, म्हणजे मुंबई डावीकडे पडली आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतचा किनारा उजवीकडे. शिवाय उजवीकडे वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि पाणी किनाऱ्यावर चढवतो. डावीकडे तो जमिनीवरून समुद्राकडे जातो.

शंकासुर

हे फिरतं कशामुळे? पृथ्वीच्या फिरण्यामुळे असं ऐकलंय. मग मोरीतलं पाणीही त्याच दिशेनं फिरायला हवं.

दर्यावर्दी

मोरीचं फिरणं मोरीच्या आकारावर आणि पाणी कसं ओतलं त्यावर ठरतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम, ज्याला कोरिऑलिस म्हणतात, इतका हळू असतो की तो दिसायला शेकडो किलोमीटर आणि बरेच तास लागतात. वाफेच्या उष्णतेमुळे मधला दाब उतरतो, भोवतालची हवा तिकडे धावते, धावताना उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते आणि केंद्राभोवती फिरू लागते. विषुववृत्तावर हा परिणाम शून्य असतो, म्हणून साधारण ५ अंश अक्षांशाच्या आत चक्रीवादळं होत नाहीत. अपवाद फार थोडे. डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ व्हामेई नावाचं वादळ दीड अंशाच्या आसपास झालं होतं, त्यावर अजून बोललं जातं.

मुक्ताई

अवांतर, पण पुणेकर म्हणून राहवत नाही. शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या इमारतीला आम्ही अजून 'शिमला ऑफिस' म्हणतो, कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून तिथं आलं. आमच्या शाळेची सहल तिथं गेली होती. फुग्याला यंत्र बांधून सोडतात हे मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. वर जाताना तो फुगा तापमान, दमटपणा आणि वारा कळवत जातो. जगभर एकाच वेळी, आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराच्या या नोंदी असतात. मुंबई, नागपूर, गोव्याहूनही फुगे जातात. वातकुक्कुट 'थरांची मांडणी' म्हणतात ती या फुग्यांमुळे समजते ना?

वातकुक्कुट

अगदी बरोबर, मुक्ताई. आणि हे अवांतर मुळीच नाही.

आता बाईंचा तिसरा प्रश्न. चक्रीवादळाला समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर हवं, तेही नुसतं पृष्ठभागावर नाही, पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. नाहीतर वादळ पाणी घुसळतं तेव्हा खालचं गार पाणी वर येतं आणि इंधन तुटतं. मे महिन्यात अरबी समुद्र ३० अंशांच्या आसपास असतो, तेव्हा इंधन भरपूर. जुलैतही पाणी काही ठिकाणी पुरेसं गरम असतं, पण तेव्हा दुसरी अडचण येते. खाली नैर्ऋत्य मोसमी वारा जोरात एका दिशेला, आणि १४-१५ किलोमीटरवर पूर्वेकडून येणारा झोतवारा उलट्या दिशेला. वादळाचा गरम गाभा उभा राहायला हवा, पण त्याचा माथा एकीकडे नि पाया दुसरीकडे ओढला जातो. उष्णता एका जागी साठत नाही, दाब उतरत नाही. म्हणून मोसमी वारे यायच्या आधी आणि गेल्यानंतर असे दोनच हंगाम. निसर्ग जूनच्या सुरुवातीला, तौक्ते मे २०२१ मध्ये, फयान नोव्हेंबर २००९ मध्ये, असे हे सगळे त्याच चौकटीत बसतात.

सपाटरान

ओक्लाहोमातून लिहितोय. वातकुक्कुट सर, इथं मला अडकायला झालं. आमच्याकडे वसंतात हवामानवाले रोज सांगतात, आज वरच्या आणि खालच्या वाऱ्यात फरक जास्त आहे, म्हणून वादळ मोठं होईल. तुम्ही म्हणताय तो फरक वादळाला मारतो?

शंकासुर

हेच मी लिहिणार होतो. एकच कारण दोन उलट परिणाम कसं करेल?

वातकुक्कुट

या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हा आहे असं मला वाटतं. सावकाश लिहितो.

मघाशी म्हटलं, साध्या वळवात उतरता झोत चढत्या झोतावरच येतो आणि ढग स्वतःलाच संपवतो. आता उंचीनुसार वारा बदलत असेल तर ढग तिरका होतो. पाऊस एकीकडे पडतो, दमट हवा दुसरीकडून वर जात राहते. दोन्ही झोत वेगळे झाले, ढगाचं आयुष्य अर्ध्या तासावरून कित्येक तासांवर गेलं. शिवाय वाऱ्यातल्या फरकामुळे जमिनीजवळची हवा आडव्या अक्षाभोवती लोळत असते. चढता झोत ते लोळणं उचलून उभं करतो आणि अख्खा ढग फिरू लागतो. तोच सुपरसेल. बहुतेक जबर टॉर्नेडो आणि सर्वांत मोठ्या गारा त्यातूनच येतात.

चक्रीवादळाचं तसं नाही. ते म्हणजे एक ढग नव्हे, शेकडो ढगांनी मिळून केलेली व्यवस्था आहे. त्याचं बळ एका झोताच्या जोरात नसतं. सगळ्यांची उष्णता एकाच गाभ्यात दिवसेंदिवस साठण्यात ते असतं. वाऱ्यातला फरक ती साठवण उधळून लावतो.

इंधन दोन्हीकडे वाफच. ढगाला लागते आपला पाऊस आपल्यापासून दूर टाकायची सोय, आणि चक्रीवादळाला लागतो न हलणारा उभा गाभा. म्हणून शंकासुर, एकाच वाऱ्यानं एक जगतं आणि दुसरं मरतं.

शंकासुर

पटलं. धन्यवाद सर. हे इतकं सरळ मी कुठं वाचलं नव्हतं.

सपाटरान

मन:पूर्वक आभार. मग आमचं रान टॉर्नेडोंचं माहेर का हेही जुळलं. मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा, पश्चिमेच्या पठारांवरून कोरडी, वर थंड झोतवारा, आणि अडवायला मध्ये एक टेकडी नाही. २० मे २०१३ ला शेजारच्या मूर शहरातून ईएफ५, म्हणजे फुजिताच्या प्रतवारीतला सर्वांत जबर, टॉर्नेडो गेला, २४ माणसं गेली, त्यात शाळेतली मुलंही होती. आम्ही घरातल्या न्हाणीघरात डोक्यावर गाद्या घेऊन बसलो होतो. घराच्या आतल्या अंगाची, खिडकी नसलेली लहान खोली निवडायची असं इथं लहान मुलांनासुद्धा पाठ असतं.

तिथल्या मुलांसाठी एक सांगतो. इथं इशारे दोन पायऱ्यांचे. पहिला म्हणजे आज परिस्थिती पोषक आहे, लक्ष ठेवा. दुसरा म्हणजे टॉर्नेडो दिसलाय किंवा रडारवर फिरणं दिसतंय, आत्ता आसरा घ्या. पहिल्यात शाळा-बाजार चालू असतात, दुसऱ्यात कोणी वाद घालत नाही.

मुक्ताई

आपल्याकडे टॉर्नेडो होतात का हो?

आकाशमोगरा

पूर्व भारत आणि बांगलादेशात होतात. बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ ला झालेला टॉर्नेडो जगातला सर्वांत प्राणघातक मानतात, सुमारे १३०० माणसं गेली. बंगालातली कालबैशाखीची वादळं त्याच हंगामातली. गारांचाही सर्वांत भीषण प्रसंग आपल्याकडचा: ३० एप्रिल १८८८, मुरादाबाद, २४६ माणसं.

चहाटळ

जुन्या नोंदी निघाल्याच आहेत तर, १८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळानं एक लाख माणसं गेली ना?

दर्यावर्दी

हे जालावर सगळीकडे फिरतं, पण त्या काळच्या नोंदींत त्याला आधार मिळत नाही. एक लाख माणसं जातील आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांत, बंदराच्या कागदांत त्याचा मागमूस नसेल हे शक्यच नाही. अभ्यासकांनी ते खोडलेलं आहे, पुढं पाठवू नका.

पोफळीवाला

माझा एक प्रश्न. आता वादळं वाढलीत का? वडील म्हणायचे, त्यांच्या तरुणपणी असं कधी पाहिलं नाही. आम्ही मात्र निसर्ग आणि तौक्ते लागोपाठच्या वर्षी पाहिली.

वातकुक्कुट

एका वादळाकडे बोट दाखवून कारण सांगता येत नाही. पण अरबी समुद्र गेल्या काही दशकांत तापलाय आणि तिथं तीव्र वादळांचं प्रमाण वाढलंय, हे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या संशोधकांच्या अभ्यासात दिसलं आहे. २०१९ या एका वर्षात वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळं तिथं झाली, त्यातलं क्यार तर सुपर सायक्लोन, म्हणजे सर्वांत वरच्या प्रतीचं, होतं. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. इंधन वाढतंय, हे नक्की.

शंकासुर

इंधन वाढतंय हे मान्य. पण मृत्यू कमी झालेत हेही सांगा, नाहीतर मुलं नुसती घाबरतील. १९९९ च्या ओडिशाच्या महावादळात जवळपास दहा हजार माणसं गेली. २०१३ चं फायलिन आणि २०१९ चं फनी हीही जबर होती, पण फनीच्या वेळी बारा लाखांवर माणसं आधीच हलवली. दोन्ही वेळी ओडिशातले मृत्यू शंभराच्या आत राहिले. अंदाज आणि त्यावर गावागावात झालेलं काम, दोन्हीचं हे फळ आहे.

काळी_कसदार

हे समुद्राचं झालं. समुद्रातलं वादळ चार दिवस आधी दिसतं. आमची गार अन् वीज तीन तासांत येते, तिला कोण हलवणार?

शंकासुर

दादा, खरं आहे तुमचं. तिथं अजून बरंच व्हायचंय.

खडूफळा

इतकं भरभरून लिहिलंत, मनापासून आभार. उद्या वर्गात असं सांगायचं ठरवलंय: ऊन पाण्याला वाफ करताना आपली उष्णता तिच्यात ठेवतं, ढगात ती मोकळी होते, हवा वर चढते, खाली दाब उतरतो आणि वारा धावतो. वळवात एकच ढग हे करतो, चक्रीवादळात शेकडो ढग मिळून. एवढं पुरेसं आहे का?

वातकुक्कुट

छान आहे. एकच भर घाला: वळवातला पत्रे उडवणारा वारा बहुधा उतरणाऱ्या झोताचा असतो, कमी दाबाकडे धावणारा नव्हे. तुमच्या विद्यार्थिनीनं त्याच वाऱ्याबद्दल विचारलंय. चक्रीवादळातला वारा मात्र खरोखर कमी दाबाकडे ओढला जातो. आणि नकाशावर ३ जून २०२० चा मार्ग काढून मुंबई-श्रीवर्धनची डावी-उजवी बाजू मुलांकडूनच शोधून घ्या.

काळी_कसदार

बाई, मुलांना विजेचंही सांगा. आमच्याकडं दर साली रानात माणसं जातात, बहुतेक झाडाखाली थांबलेली. मोबाईल बंद केला की वीज पडत नाही असं लोक म्हणतात, ते खरं का?

आकाशमोगरा

मोबाईल वीज ओढत नाही. उलट तो जवळ ठेवा, आयआयटीएमच्या 'दामिनी' ॲपवर आसपास वीज पडत असल्याचा इशारा येतो. धोका असतो उंच एकट्या झाडाचा, मोकळ्या रानाचा, तारेच्या कुंपणाचा, पाण्यात उभं राहण्याचा. नुसते पत्रे टाकलेली, भिंती नसलेली खोप सुरक्षित नाही. पक्कं घर किंवा पत्र्याच्या टपाची बंद मोटार चालते, ट्रॅक्टर नाही. आसरा मिळण्यासारखा नसेल तर आडवं झोपू नका. पाय जुळवून उकिडवे बसा, चार माणसं असतील तर एकमेकांपासून लांब लांब.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर ती लांब. पण गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही पल्ल्यात आहात असंच समजा. शेवटचा आवाज येऊन अर्धा तास होईपर्यंत रानात परत जायचं नाही. बैल बांधलेले असले तरी नाही.

काळी_कसदार

लिहून घेतलं. गावच्या गटावर टाकतो. बैलांचं मात्र आधीच बघावं लागंल, दुपारी आभाळ भरायच्या आत झाडाखालनं सोडून आणायचे.